पाच मिनिटांत बाबा कसे सांगायचे?

पत्र थोडक्यात: एका वाचक ताईंचे वडील महिन्यापूर्वी गेले. वय ८१. येत्या पंधरवड्यात चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उपासना आहे. कुटुंबातर्फे बोलायला पाळकांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि थोरली लेक म्हणून या बोलणार आहेत. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा फाडलं. ‘प्रेमळ पती, कुटुंबवत्सल पिता, प्रभूचे निष्ठावंत सेवक’ हे कुणाच्याही वडिलांबद्दल म्हणता येईल, असं त्यांना वाटतं. त्यात दोन अडचणी. लहानपणी रविवार चर्चचा, बुधवारची संध्याकाळ प्रार्थनासभेची आणि शनिवार गायनवृंदाच्या सरावाचा असायचा. शाळेच्या नाटकात यांनी काम केलं त्या दिवशीही बाबा चर्च कमिटीच्या बैठकीला गेले होते. दुसरी अडचण अशी की या स्वतः गेली बावीस वर्षं चर्चला जात नाहीत. धाकटा भाऊ म्हणतो, ‘तुझा विश्वास नाही, तू काय बोलणार? आणि बोललीस तर चांगलंच बोल.’ आईला मात्र लेकीनंच बोलायला हवं आहे, आणि त्यात बायबलमधलं एखादं वचनही यायला हवं आहे. ताई विचारतात, ‘खोटं न बोलता आणि कुणाला न दुखावता काय बोलू? बाबांचं आयुष्य इतकं साधं होतं, की सांगण्यासारखं काही घडलंच नाही.’

पत्राच्या तळाशी एक ता. क. आहे: ‘बाबा कायम दाराजवळच्या, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे. उपासना संपली की दानाचे पैसे मोजायला थांबायचे, त्यामुळे आम्हाला घरी यायला नेहमी उशीर. हे सांगण्यासारखं नाही, सहज आठवलं.’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ता. क.पाशी येऊन थांबले. वरच्या चार पानांत तुम्ही बाबांना सात विशेषणं लावली आहेत, मी मोजली. त्या सातांतून मला बाबा काही दिसले नाहीत. मग तळाशी ‘सहज’ म्हणून दोन ओळी आल्या आणि ते एकदम समोर बसले: दाराजवळचा बाक, पुढ्यात नाण्यांच्या चळती, आणि बाहेर पायरीवर भुकेनं कुरकुरणारी दोन पोरं. तुमचं भाषण फाडलेल्या तीन कागदांत नव्हतंच, ते या दोन ओळींत आहे.

‘कुटुंबवत्सल’ या शब्दात काही खोट नाही. पण तो निकाल आहे, आणि तुम्हाला साक्षीला बोलावलंय. साक्षीदारानं काय पाहिलं, काय ऐकलं तेवढं सांगावं. माणूस चांगला होता की नाही, हे समोर बसलेले आपापलं ठरवतील. हे शहाणपण मला फार उशिरा आलं. माझ्या काकांच्या वेळी मी मोठ्या ऐटीत ‘ते सदैव इतरांच्या मदतीला धावत’ असं वाचून खाली उतरले. एक अनोळखी बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या मुलाला ते दर सोमवारी गणित शिकवायला यायचे. येताना स्वतःची पेन्सिल टोक करून आणायचे.’ इतकी वर्षं त्यांच्या घरात वावरूनही मला ती पेन्सिल माहीत नव्हती. माझं अख्खं भाषण त्या पेन्सिलीपुढे फिकं पडलं.

आता तुमचं ‘काही घडलंच नाही’. हे मला मुळीच पटलेलं नाही. वर्षाचे ५२ रविवार, पन्नास वर्षं धरली तरी २,६०० होतात. इतक्या वेळा एक माणूस ठरलेल्या वेळी उठून, कपडे करून, त्याच बाकावर जाऊन बसतो. त्यातले काही रविवार आदल्या रात्रीच्या भांडणानंतरचे असणार. एखादा नोकरीत अपमान झाल्यानंतरचा, एखादा स्वतःच्या आईला माती दिल्यानंतरचा. बाहेरून बघणाऱ्याला सगळे सारखे दिसतात. आतून सारखे नव्हते. म्हणून आईला ‘बाबा चर्चला किती नियमित जायचे ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ एवढंच येईल. विचारा, ‘कुठल्या रविवारी त्यांना जावंसं वाटलं नव्हतं? मग गेले का?’ या एका प्रश्नातून पाच मिनिटांपुरतं तर सोडाच, पुस्तकापुरतं निघेल.

बाकाचंही विचारा. दाराजवळ का? तान्हं मूल रडायला लागलं की चटकन बाहेर नेता यावं म्हणून पुष्कळ आईबाप तिथे बसतात. तुम्हा दोघांपैकी कुणाच्या तरी पायी धरलेली जागा पुढे सुटली नसेल, असा माझा आपला अंदाज. कदाचित त्यांना नुसता वारा आवडत असेल. अंदाज भाषणात घालू नका, आईकडून खरं काय ते काढा. माझा अंदाज बरोबर निघाला तर एक गंमत होईल: चर्चनं बाबांना घरापासून नेलं असं तुम्ही इतकी वर्षं धरून चालला आहात, आणि चर्चमधली त्यांची जागाच घरानं ठरवलेली निघेल.

आणि मोजणी. दानाचे पैसे एकट्यानं मोजायचे नाहीत, किमान दोघांनी मोजून दोघांनी सही करायची, ही पुष्कळ चर्चमधली शिस्त आहे. म्हणजे दर रविवारी बाबांच्या शेजारी बसून नाणी लावणारं दुसरं कुणीतरी असणार. तुम्ही दोघं पायरीवर वाट बघत होतात तेव्हा आत काय बोलणं चालायचं, हे त्या माणसाला माहीत आहे. त्यांना फोन करा. आज करा, कारण बाबांच्या वयाची माणसं आहेत ती. ‘बाबा कसे होते?’ असं विचारलंत तर तेही विशेषणंच देतील. ‘मोजताना काय बोलायचात? हिशेब चुकला की बाबा काय करायचे? कधी चिडले का?’ असं विचारा.

बाबांचं बायबल घरात असेल तर तेही एकदा सावकाश चाळा. नियमित वाचणाऱ्यांच्या बायबलात बहुधा काहीतरी सापडतं: समासातली तारीख, अधोरेखित केलेली ओळ, पानांत ठेवलेली चिठ्ठी. कोणतं पान सर्वांत जास्त मळलंय ते बघा. मृत्यूच्या सूचनांमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं ‘सुयुद्ध’ आणि ‘धाव संपवली’ हे वचन हमखास छापलेलं असतं. सुंदर आहे ते, पण बाबांनी ज्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ मारली होती ते वाचलंत तर तो त्यांचाच आवाज असेल. आईची वचनाची इच्छाही त्यातच पुरी होईल. एक सावधगिरी घ्या. त्या पानांत प्रार्थनेसाठी लिहून ठेवलेली नावं सापडली, कुणाचं आजारपण, कुणाचा घरातला कलह, तर ती माहिती बाबांजवळ विश्वासानं दिलेली होती. नावं घेऊ नका. ‘बाबांजवळ एक यादी असायची’ एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आता शाळेच्या नाटकाकडे येऊ. तुमच्या पत्रातला सर्वांत जिवंत भाग तोच आहे, आणि सर्वांत दुखराही. तुम्ही असं गृहीत धरलंय की ‘कुटुंबवत्सल’ आणि ‘चर्चनिष्ठ’ या दोन गोष्टी एकत्र सांगायच्या तर त्यांच्यातला तंटा लपवावा लागेल. भाऊही तेच धरून चाललाय, फक्त त्याला लपवणं योग्य वाटतं. माझं मत वेगळं आहे. ज्याला दोन ठिकाणी मनापासून असायचं असतं तो कुठेतरी गैरहजर राहणारच, आणि समोर बसलेल्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. त्यांतल्या निम्म्या मुलांनी तसे रविवार काढले असतील. तुम्ही ‘रविवारी आम्हाला बाबा चर्चबरोबर वाटून घ्यावे लागायचे, आणि खरं सांगते, मला वाटणी कमी आल्यासारखं वाटायचं’ असं म्हणालात तर कुणाचा अपमान होत नाही. लोक हसतील, एखादी बाई नवऱ्याकडे बघेल. पण नाटकाचा दिवस, रिकामी खुर्ची, घरी आल्यावर काय झालं, हे सगळं त्या पाच मिनिटांत उलगडलंत तर उपासना बाबांची न राहता तुमची होईल. जमलेल्या माणसांना त्या दुःखाचं करता काहीच येणार नाही. ते नुसते अवघडून बसतील.

एखादं वाक्य ठेवायचं की गाळायचं हे मी असं ठरवते. पहिल्या रांगेत आई बसली आहे आणि दाराजवळच्या बाकावर बाबा. वाक्य ऐकून बाबा कसनुसं हसतील का? मग ते राहू द्या. मान खाली घालतील का? मग ते एका वहीत लिहा, भाषणात नको. फेकू मात्र नका. त्या वहीचं पुढे काय करायचं ते पुढे बघू.

या बाबतीत एक जुनी हकिगत मला फार धीर देते. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनची आई मोनिका इसवी सन ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. तो तेव्हा तेहतिसाव्या वर्षात होता. आपल्या आत्मनिवेदनात त्यानं तिच्याविषयी लिहिलं ते साधारण दहा वर्षांनंतर. एव्हाना तो बिशप झाला होता, आई म्हणजे भक्तीचा आदर्श असंच लिहायला मोकळा होता. त्यानं काय लिहिलं? की लहानपणी तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवत तेव्हा ती चोरून घोट घ्यायची, होता होता सवय लागली, आणि एका दासीनं भांडणात ‘दारूडी’ म्हणून हिणवलं तेव्हा ती सुटली. वडिलांबद्दलही त्यानं झाकलं नाही: तापट होते, आईशी एकनिष्ठ नव्हते, बाप्तिस्माही आयुष्याच्या अखेरीस घेतला. आणि हे सगळं सांगून झाल्यावर तो वाचकांना विनवतो, की वेदीपाशी या दोघांची आठवण करा. दोष सांगितल्यानं त्याची विनवणी कुठे उणी पडत नाही. सोळाशे वर्षं झाली, मोनिका आपल्याला माणूस म्हणून कळते ती त्या चोरट्या घोटांमुळेही.

आपल्या भाषेत तर लक्ष्मीबाई टिळक आहेतच. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. त्यात टिळकांचा संताप आहे, पैशाबाबतचा बेहिशेबीपणा आहे, बायकोला त्याचा झालेला ताप आहे. तरी वाचून टिळक नावडतात असा वाचक मला अजून भेटलेला नाही. या दोन्ही उदाहरणांतली वर्षं बघा. एकाला दहा लागली, दुसरीला पंधरा. तुम्हाला पाळकांनी पाच मिनिटं दिलीत, तीही दीड महिन्याच्या आत. त्यात बाबांचा आणि तुमचा सगळा हिशेब मिटवायची घाई करू नका. वही त्यासाठीच.

राहिला विश्वासाचा प्रश्न. भाऊ म्हणतो तुमचा विश्वास नाही म्हणून बोलू नका. पण तुम्हाला प्रवचन करायला थोडंच बोलावलंय? प्रवचन पाळक करतील. तुम्ही बाबांची मुलगी म्हणून उभ्या आहात, आणि ती पात्रता बावीस वर्षांच्या गैरहजेरीनं जात नाही. उलट तुमच्या जागेवरून एक गोष्ट दिसते जी भावाला दिसणार नाही. मुलीनं चर्च सोडलं तेव्हा त्या श्रद्धाळू बापानं काय केलं? तुम्ही पत्रात याविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही. बोलणं टाकलं? दर रविवारी विचारत राहिले? की एकदाही विचारलं नाही, फक्त तुमचं नाव त्या यादीत लिहीत राहिले? यांतलं काय झालं ते मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. त्यांनी ते पेललं असेल तर त्यांच्या श्रद्धेबद्दल आणि घरावरच्या मायेबद्दल याहून मोठी साक्ष त्या सभागृहात दुसरं कुणीच देऊ शकत नाही. नसेल पेललं, तर तो भाग वहीत.

भाषेची एक युक्ती मात्र पाळा. ‘बाबा आता प्रभूच्या कुशीत विसावले आहेत’ हे वाक्य तुमच्या तोंडून अडखळत येईल आणि ऐकणाऱ्यांना ते कळेल. ‘बाबांचा पक्का विश्वास होता, की मरण म्हणजे प्रभूच्या घरी जाणं’ हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता, कारण ते शब्दशः खरं आहे. विश्वास ठेवणाऱ्यांना त्यात दिलासा मिळेल आणि तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. तुमचं स्वतःचं मत त्या दिवशी कुणी विचारलेलं नाही, तेव्हा तेही जाहीर करू नका. याच्या उलटी चूकही मी पाहिली आहे: विश्वासू मुलं वडिलांना होते त्याहून जास्त भक्त करून टाकतात. प्रवचनात डुलक्या काढणाऱ्या गृहस्थाला तुम्ही रात्रंदिवस ध्यानमग्न दाखवलंत तर मागच्या बाकावरचे त्यांचे मित्र एकमेकांना कोपर मारतात. डुलकी सांगा. देवाला ती आधीच माहीत आहे.

थोडं व्यवहाराचं, कारण अशी पत्रं मला इतरांचीही येतात.

पाच मिनिटं मिळाली असतील तर चार मिनिटांचं लिहा. घरी घड्याळ लावून मोठ्यानं वाचा, मनात नाही. तिथे आवंढा गिळण्यात, लोकांच्या हसण्यात, पाणी पिण्यात उरलेलं मिनिट जातंच. जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न अशा क्रमानं चाललात तर चार मिनिटं बाबांच्या निवृत्तीपर्यंतही पुरणार नाहीत. तो तपशील उपासनेच्या छापील पत्रिकेत द्या. बोलण्यात दोन प्रसंग, फार तर तीन. तुमच्यासाठी मी मोजणीचा घेईन, बाकाचा घेईन, आणि वाटणीचं ते एक वाक्य. आईला मजकूर आधी वाचून दाखवा, अचानक भर सभेत ऐकवू नका. काय गाळायचं याचा शेवटचा शब्द तिचा.

कॅथलिक वाचकांनी एक लक्षात घ्यावं. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना; तिच्याविषयीच्या सर्वसाधारण सूचनांत, कलम ३८२ मध्ये, अंत्यविधीच्या मिस्सात छोटं प्रवचन असावं पण मृताचं गुणवर्णनपर भाषण नसावं, असं सांगितलं आहे. कुटुंबीयांना आठवणीचे चार शब्द बोलता येतात, ते सहसा कम्युनियननंतरच्या प्रार्थनेनंतर, अखेरच्या निरोपाच्या विधीआधी. त्यामुळे फादरांनी ‘थोडक्यात’ म्हटलं तर तो तुमच्या वडिलांचा अनादर समजू नका. लांब बोलायचं असेल तर आदल्या संध्याकाळची प्रार्थना किंवा विधीनंतर घरी जमणं ही त्याची जागा. इतर चर्चमध्ये ते बरंचसं पाळकांवर असतं, तेव्हा लिहायला बसण्याआधीच विचारून घ्या: केव्हा, कुठून, किती वेळ, माईक आहे का.

वर्तमानपत्रात किंवा फोनवर सूचना देणार असाल तर घराचा पूर्ण पत्ता आणि वडिलांची पूर्ण जन्मतारीख त्यात घालू नका. सगळं घर अमुक वाजता चर्चमध्ये असेल, हे त्यातून नको त्या माणसालाही कळतं.

आता तुमचा भाऊ. तो तुम्हाला गप्प करू पाहतोय असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण तोही त्याच पायरीवर तुमच्या शेजारी भुकेला बसला होता, आणि बहुधा त्याला भीती वाटते की बाबांचा बचाव करायला आता बाबा नाहीत. त्याच्याशी वाद घालण्याऐवजी त्याला काम द्या. भाषण मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून, दोन प्रतींत काढा. एक तुमच्या हातात. दुसरी उपासनेच्या दोन दिवस आधी त्याच्या हातात द्या आणि सांगा, ‘मध्येच मला पुढे बोलणं जमलं नाही तर तू उठून ये, आणि मी थांबले त्या ओळीपासून पुढे वाच.’ तो प्रत वाचेल, कुठेतरी अडेल, आणि तुम्हाला म्हणेल की हे असं नव्हतं, त्या दिवशी बाबा पैसे मोजायला नव्हते थांबले, पाऊस होता. ती दुरुस्ती लिहून घ्या.